गुहागर, नाशिक, वाई

२७ जानेवारी, सोमवार

ही वही खरं तर पाण्याची आणि बीपीची. ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यातल्या सिस्टरनी दिली होती. रोज पाणी किती प्यालो, लघवी किती, वजन, ताप, सगळं लिहायचं. वर्ष उलटल्यावर त्या म्हणाल्या, आता नाही लिहिलं तरी चालेल. पण हाताला सवय लागली. मिलिटरीत सगळी नोकरी ट्रक चालवण्यात गेली. तिथं गाडी बाहेर काढली की लॉगबुक भरायचंच. म्हणून आता आकड्यांच्या खाली दिवसाच्या चार ओळी लिहितो. कोण वाचणार आहे.

आज मिरजेला डॉक्टरांकडं जाऊन आलो. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. फिरायला जायची परवानगी दिली. ही सहल यशराजनं ठरवली आहे. तो पुण्याला नोकरीला असतो. म्हणाला, "पप्पा, तुम्ही आणि मम्मी कधी कुठं गेलाच नाही." ते खरं आहे. मी लेहला, तेजपूरला, जोधपूरला, आणि क्रांती इथं पलूसजवळच्या आमच्या गावात, आईजवळ. मधी एकदा झाशीला क्वार्टर मिळालं तेव्हा थोडे महिने आली होती. रिटायर झालो आणि दोन्ही किडन्या गेल्या. यशराजनं आधी गुहागर, मग दिवेआगर आणि शेवटी नाशिकला द्राक्षाच्या मळ्यातलं हॉटेल बुक केलंय. तिथं वाईन करतात.

डॉक्टर म्हणाले, "गर्दीत जाऊ नका, पाणी उकळलेलं प्या आणि वाईनला लांबून नमस्कार करा. वहिनींनी घोटभर घेतली तर माझी हरकत नाही." मी हसलो. क्रांती हसली नाही. तिनं विचारलं, "डॉक्टर, आता ह्यांचं ह्यांना सगळं जमंल न्हवं? गोळ्या, तपासायला येणं?"

"का नाही जमणार? ठणठणीत आहेत."

तिनं पुन्हा तेच विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं.

येताना गाडीत मी म्हटलं, "दोनदा कशाला इचारलंस?" ती बाहेर उसाकडं बघत म्हणाली, "खात्री केली."

३० जानेवारी, गुरुवार

आईला ही सहल पटलेली नाही. तिचं म्हणणं, आजारातून उठलेल्या माणसानं घरात बसावं. मग शेजारच्या रंगुबाई, ज्या आमच्याकडं भांड्याला येतात, त्या आल्या, तेव्हा आईचं नेहमीचं सुरू झालं. "माझी सून सावित्री हाय. यमाच्या दाढंतनं काढला नवरा." क्रांती आत निघून गेली. तिला कौतुक सहन होत नाही, लाजते.

बाहेरच्या खोलीत फोटो लावलाय. गेल्या वर्षी गावातल्या महिला मंडळानं वटपौर्णिमेला तिचा सत्कार केला, शाल-नारळ दिला, त्याचा. मोठी फ्रेम आहे. क्रांती घरातली प्रत्येक वस्तू पुसते पण त्या फ्रेमवर धूळ असते. मी एकदोनदा सांगितलं, ती पण पुसत जा. "व्हय" म्हणाली. आज मीच पुसली.

किडनी कुणी द्यायची, ह्याचा विषय निघाला तेव्हा आधी माझा भाऊ पृथ्वीराज तयार झाला होता. त्याच्या तपासण्या सुरू झाल्या. मग त्यानं फोन उचलायचं बंद केलं. मी त्याला दोष देत नाही, त्याला लहान मुलं आहेत. मग एक दिवस क्रांती स्वयंपाकघरातनं म्हणाली, "माझी तपासून बघा." ताट वाढलंय म्हणावं तसं म्हणाली. जुळली. पुण्यात ऑपरेशन झालं. ह्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. बायकोला थँक्यू कसं म्हणायचं? ते विचित्र दिसतं.

१ फेब्रुवारी, शनिवार. गुहागर

कराडहून कुंभार्ली घाट उतरून आलो. कारखान्यांचा हंगाम आहे, कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या.

क्रांतीनं दिवाळीत पलूसला क्लास लावून गाडी शिकून घेतली, लायसनपण काढलं. कशाला ते मला कळलं नव्हतं, घरात मी आहे की चालवायला. आज पाटणच्या पुढं म्हणाली, "थोडी मी चालवू?"

"घाट हाय फुडं."

"घाटाच्या अलीकडं थांबते."

"ट्रकवालं कसं येत्यात बघतीस न्हवं?"

घाट उतरल्यावर, चिपळूणच्या पुढं, रस्ता मोकळा होता. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

हॉटेल चांगलं आहे. समोर सुरूची झाडं, त्यापलीकडं समुद्र. सुलाबाई म्हणून एक बाई चालवतात. त्यांचे मिस्टर मुंबईला असतात. जेवणाला मासे होते. क्रांती माळकरी घरातली नाही पण आटपाडीची, तिकडं मासे कुठले. तरी आवडीनं खाल्ले. मी भात आणि आमटी.

खोलीत सामान टाकल्या टाकल्या ती बाहेर जाऊन समुद्राकडं बघत उभी राहिली. अंधार पडला तरी आत आली नाही. मी टीव्ही लावला. लागत नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बीचवर गेलो. क्रांती पंजाबी ड्रेस घालून पाण्यात गेली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. लाट आली की उडी मारायची. मी तिला उडी मारताना कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या वयाची बाई उडी मारते तेव्हा कसं दिसतं, ह्याचाच विचार करत बसलो.

तिनं हाक मारली, "या की!"

मी खुणेनं नको म्हटलं.

"नुसतं पाय भिजवा. पायाला काय हुतंय?"

"चपला-मोबाईल कोण बघंल?" मी ओरडलो.

बीचवर कुणीच नव्हतं. लांब एक कुत्रं होतं. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत उभी राहिली, मग वळून आत गेली. लाटेनं दोनदा पडली. हसत होती की ओरडत होती, वाऱ्यात कळलं नाही.

संध्याकाळी मी शर्ट बदलत होतो. माझ्या टाक्यांच्या आजूबाजूला पोटाची कातडी बधिर आहे, हाताला लागते पण पोटाला कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते की तिथल्या नसा तुटलेल्या असतात, काहींचं तसंच राहतं. मी बोटानं दाबून बघत होतो. क्रांती म्हणाली, "माझं बी तसंच हाय."

"कुठं?"

तिनं डाव्या कुशीवर हात ठेवला. "हितं. एवढं. चिमटा काढला तरी कळत न्हाई."

"कवापास्नं?"

"ऑपरेशनपास्नं. कवापास्नं म्हंजे?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरला विचारायला पाहिजे. ती म्हणाली, विचारलं मी केव्हाच. मग सुलाबाईंनी जेवायला हाक मारली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज भांडण झालं. भांडण म्हणता येणार नाही, आवाज माझाच होता.

माझ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला घ्यायच्या असतात. त्यात चूक चालत नाही, नाहीतर शरीर नवी किडनी परकी समजून ढकलायला लागतं. आजपर्यंत क्रांतीच डबीतनं काढून हातावर ठेवते, पाण्याचा पेला पुढं करते. इथं आल्यापासून तिनं डबी माझ्या बॅगेत ठेवली आणि गजर माझ्या मोबाईलवर लावून दिला. आज संध्याकाळी मोबाईल खोलीत, आम्ही बाहेर सुरूच्या झाडाखाली. तिला आतला गजर ऐकू आला असणार, तिचे कान तिखट आहेत. बराच वेळ गेल्यावर मलाच आठवलं. धावत जाऊन घेतल्या.

मी म्हटलं, "तुला म्हाईत हुतं. सांगितलं का न्हाईस?"

"आठवतंय का बघत हुते."

"आणि आठवलं नसतं तर?"

"अजून थोड्या येळानं सांगितलं असतं." मग म्हणाली, "आवं, रागावू नका. पर हे तुमचं तुमाला यायला पायजे. मी बाथरूममधी असन, कुठं गावाला गेलेली असन."

"तू कुठं जाणार हायस गावाला?"

मी सुलाबाईंच्या देखत थोडा मोठ्यानं बोललो होतो. नंतर दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या. सुलाबाई एकट्या एवढं हॉटेल कसं चालवतात, बाजार कोण आणतं, एकटीला भीती वाटते का, असलं क्रांती विचारत होती. बायकांना काहीही विषय लागतो.

रात्रीपासून डबी मी उशाशी घेतली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दिवेआगर

समुद्र तोच. सुपारीच्या बागा आहेत. विशेष काही नाही.

क्रांती मागच्या अंगणात फोनवर बोलत होती. "मुली कुठल्या कुठल्या हायत? ... व्हय, त्या वयाच्या पोरींचं कळतं मला... खोली एकटीला का? ... बरं, खिडकी हाय न्हवं." मी विचारलं कोण. वाईची राजेश्वरी म्हणाली. दोघी डी.एड.ला बरोबर होत्या. राजेश्वरी आता तिकडं एका मुलींच्या वसतिगृहाचं काम बघते. क्रांतीचंही डी.एड. झालंय, पण लग्न झालं आणि आईचं तेव्हा दुखणं होतं, त्यामुळं नोकरीचं राहून गेलं. तिला त्याचं काही वाटतं असं मला कधी दिसलं नाही.

येताना वाईला राजेश्वरीकडं एक मुक्काम करू म्हणाली. मी हो म्हटलं. पुण्याहून येताना वाटेतच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार. नाशिक

लांबचा प्रवास झाला. टेकडीवर हॉटेल, खाली तळं आणि सगळीकडं द्राक्षं. आमच्या शिवारातही मधी काही लोकांनी वाईनची द्राक्षं लावली होती. मग काढून टाकली, बेदाण्याची लावली. आता बेदाण्याचंच चालतं. इथं मात्र लोक पुण्या-मुंबईहून द्राक्षं बघायला येतात. रांगांमध्ये उभं राहून फोटो काढतात. आमच्याकडं औषध मारताना नाकाला फडकं बांधून ज्या रांगांतनं फिरतात तसल्याच रांगा.

खोलीला बाल्कनी आहे. दोन खुर्च्या. क्रांतीनं दोन्ही तळ्याच्या बाजूला वळवल्या आणि एकीवर बसली. मी दमलो होतो, झोपलो.

९ फेब्रुवारी, रविवार

आज वाईनचा कारखाना दाखवला. मोठ्या स्टीलच्या टाक्या, लाकडाची पिंपं. आत थंड होतं. दाखवणारा माणूस तिथलाच, जवळच्या गावचा. मग एका लांब टेबलाशी सगळ्यांना उभं करून ग्लासात घोट घोट ओतून देत होता. मी नको म्हटलं. मला द्राक्षाचा रस दिला.

क्रांतीनं घेतली. माझ्याकडं न बघता घेतली. तो माणूस म्हणाला, लगेच पिऊ नका, ग्लास फिरवा, वास घ्या, कशाचा येतो सांगा. बाकीचे लोक इंग्रजीत काय काय सांगत होते. क्रांती डोळे मिटून वास घेत राहिली. मग म्हणाली, "कच्च्या पेरूचा. आणि मेंढरं भिजल्यावर जसा येतो, तसा थोडा."

सगळे हसले. तो माणूस हसला नाही. म्हणाला, "ताई, बरोबर असंल. ह्यात चूक नसते." क्रांतीचे वडील आटपाडीकडं मेंढरं राखायचे, लहानपणी तीही त्यांच्यामागं हिंडलेली.

तिनं ग्लास माझ्या नाकापुढं धरला. "घ्या की वास. वास घ्यायला डॉक्टरनं न्हाई म्हटलं न्हाई."

मी वास घेतला. "दारूचा येतोय."

ती हसली. ह्या सहलीत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हसली. "तुमाला खरंच दुसरं काय येत न्हाई का वास?"

"न्हाई."

संध्याकाळी बाल्कनीत बसलो होतो. तिचे गाल लाल झाले होते, बोलत होती. लहानपणी मेंढरांबरोबर कोकणाच्या तोंडापर्यंत चालत गेल्याचं सांगितलं. घाटाच्या कडेवरनं वडील म्हणाले होते, त्या तिकडं समुद्र आहे. तिला तेव्हा नुसतं धुकं दिसलं होतं. हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

मग म्हणाली, "एक इचारू? मी ऑपरेशनमधी गेले असते, तर काय आठवलं असतं तुमाला माझं?"

"असलं अभद्र कशाला बोलतीस?"

"सांगा की. एक कायतरी."

मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. डोळ्यापुढं तिचा हात आला. गोळ्या ठेवलेला तळहात. त्याच्या वर चेहरा आणायचा प्रयत्न केला तर सत्काराच्या फोटोतला आला. हे काही सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "सगळंच आठवलं असतं."

ती "बरं" म्हणाली. तळ्यावर दिवे लागेपर्यंत आम्ही तसेच बसलो. गोळ्या मी माझ्या मी वेळेवर घेतल्या. तिला सांगितलं घेतल्या म्हणून. "चांगलं झालं" म्हणाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अंगात ताप. थोडाच, पण माझ्यासारख्याला थोडाही चालत नाही. मिरजेला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घाबरू नका, तिथंच रक्त तपासा आणि रिपोर्ट पाठवा.

नाशिकात जाऊन रक्त दिलं आणि रिपोर्ट येईपर्यंत लॅबच्या बाहेर बाकावर बसलो. मला घाम फुटला होता. ती शेजारी बसून होती. मी म्हटलं, "तुझी किडनी वाया गेली तर?"

तिनं झटक्यानं मान वळवली. "माझी म्हणू नका. दिली तवाच ती तुमची झाली. तुमच्या अंगात तुमचं रक्त घेऊन चाललीय. माझी, माझी म्हणून घरदार ध्यानात ठेवतंय, निदान तुमी तरी ठेवू नका."

मला वाटलं ती काळजीनं चिडली असेल.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी असेल, ही गोळी घ्या, गाडी मात्र आज तुम्ही चालवू नका.

म्हणजे गाडी क्रांतीनं चालवली. हॉटेलवरनं सामान घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागलो आणि नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदा मी डाव्या सीटवर बसलो. सुरुवातीला माझा पाय उगीच खाली दाबला जात होता, ब्रेक असल्यासारखा. संगमनेरच्या पुढं सैल झालो. ती चांगली चालवते. गियर बदलताना आवाज नाही, आरशात बघते, घाई करत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या जवानांत असे थोडे होते. तिच्या कानामागं पांढरे केस बरेच आलेत. डाव्या सीटवरनं दिसतात. तिला हे सांगावं असं वाटलं, गाडीचं. मग नारायणगावला चहाला थांबलो आणि ते राहिलं.

पुण्यात यशराजकडं मुक्काम. तो विचारत होता, मजा आली का? आम्ही दोघांनी एकदम हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. वाई

ताप नाही.

राजेश्वरीकडं पोचलो. क्रांती आणि ती वसतिगृहात जाऊन आल्या, मी जेवून पडलो होतो. दुपारनंतर क्रांती म्हणाली, घाटावर चला. गणपतीच्या देवळापलीकडं कृष्णेच्या पायऱ्यांवर बसलो. खालच्या पायरीवर एक बाई गोधडी धूत होती. हीच नदी पुढं आमच्या गावाजवळनं जाते, असं काहीतरी मी म्हणत होतो.

क्रांती म्हणाली, "आवं, मी हितं ऱ्हाणार हाय."

"किती दिस?"

"दिस न्हाई. हितंच. वसतिगृहावर वॉर्डनची जागा हाय. उद्यापास्नं या म्हणाल्यात."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "आणि घरचं?"

"घरचं तुमी हाय की. गोळ्यांचं जमतंय तुमाला. बघितलं मी. आईंच्या हाताखाली सुलाबाय येती भांड्याला..." मग थांबली. "सुलाबाय त्या गुहागरच्या. आपल्या रंगुबाई. बघा, डोस्कं फिरलंय माझं बी."



मी म्हटलं, "मी कधी तुज्यावर हात उचलला? दारू पिऊन आलो? बाहेर काय केलं?"

"न्हाई. तुमी काहीच केलं न्हाई."

हे तिनं शांतपणे सांगितलं. आधी मला वाटलं, ती माझ्या बाजूनं बोलते आहे.

"मग किडनी का दिलीस?"

"तुमी मरावं असं वाटत नव्हतं म्हणून."

"मग?"

"मग काय? तुमी जगावं असं वाटणं येगळं आणि तुमच्याबरोबर ऱ्हावंसं वाटणं येगळं. दोन्ही एकच हायत असं सगळ्यांनी धरलं. सावित्री म्हणून शाल घातली, ती काढायला जागाच ठेवली न्हाई. मी जाणारच हुते. यशराजची नोकरी लागली तवाच ठरवलं हुतं. तेवढ्यात तुमचं दुखणं निघालं. तवा गेले असते तर नवऱ्याला मरणाच्या दारात सोडून गेली म्हटलं असतं, आणि मलाबी ते जमलं नसतं. म्हणून थांबले. तुमी नीट हुईस्तवर थांबले."

"मग ही सहल कशाला केलीस? नको म्हणायचं हुतंस."

ती गोधडीवाल्या बाईकडं बघत म्हणाली, "बघावं म्हटलं. आपण दोघं कधी बरोबर हुतोच कुठं? तुमी बॉर्डरवर, मी चुलीवर. कुणास ठाऊक, म्हटलं, दोघंच असलो तर कायतरी निघंल. निघालं असतं तर राजेश्वरीला न्हाई म्हणून कळवणार हुते."

मला चपला आणि मोबाईल आठवले. मग बाल्कनीतली खुर्ची आठवली, ती तळ्याकडं वळवलेली. मी रागावलो नव्हतो. रडूही येत नव्हतं. पोटावरच्या त्या कातडीवर कुणी हात ठेवला तर जसं कळतं आणि कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

"कोर्टात जायचं का?" मी विचारलं.

"मला कशाला कोर्ट? मला फक्त त्या घरात ऱ्हायचं न्हाई."

"लोकांनी इचारलं तर काय सांगू?"

"खरं सांगा. क्रांती वाईला ऱ्हायला गेली."

"येणार न्हाईस?"

"येईन की. मनात आलं तर सणाला येईन. आईंना बघायला येईन. न्हाई आलं मनात तर न्हाई." मग म्हणाली, "यशराजला मी सांगितलंय. काल, तुमी झोपल्यावर. लय रडला. पर वाईला ऱ्हा म्हणाला."

उठताना तिनं सवयीनं मला हात दिला आणि मी सवयीनं धरला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तिची बॅग वसतिगृहावर पोचवली. दुसऱ्या मजल्यावर खोली आहे. खिडकी आहे. शाळेला निघालेल्या मुली जिन्यात थांबून माझ्याकडं बघत होत्या. एकीनं क्रांतीला विचारलं, "मॅडम, हे कोण?"

ती म्हणाली, "जयराज. माझे मिस्टर. मला सोडायला आल्यात."

तिच्या तोंडून माझं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर ऐकलं नव्हतं.

मी गाडीत बसलो. ती फाटकापर्यंत आली. मी म्हटलं, "तू गाडी चांगली चालवतीस."

ती म्हणाली, "म्हाईत हाय मला." मग म्हणाली, "पर सांगितलंत, बरं वाटलं."

साताऱ्यापर्यंत रस्ता कसा गेला आठवत नाही. घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली. गाडीतनं मी एकटाच उतरलो तशी उभी राहिली.

"क्रांती कुठाय रं?"

"वाईला. नोकरी धरली तिनं. वसतिगृहावर."

"आणि कवा येणार?"

"ती ठरवंल."

आईला समजायला वेळ लागला. समजलं तसा तिनं तोंडाचा पट्टा सोडला. असल्या वयात घर सोडती, लाज न्हाई का, मी उद्या लोकांना तोंड कसं दाखवू, तू मुडद्यागत बघत बसलास, झिंज्या धरून का आणली न्हाईस. रंगुबाई कुंपणापलीकडं उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, ती पळून गेली न्हाई. मी स्वतः सोडून आलोय. जिन्यानं बॅग मी वर नेली." हे मी रंगुबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. रंगुबाई आत गेल्या.

आई आतल्या खोलीत जाऊन पडली. मी भात टाकला. जमला बऱ्यापैकी, खाली लागला थोडा. ताट घेऊन गेलो तर आई भिंतीकडं तोंड करून होती. जेवणार नाही म्हणाली. मी ताट तसंच ठेवून वळलो तेव्हा मागनं विचारलं,

"तिथं सैपाक कोण करतं?"

"बाया हायत. मेस हाय मुलींची."

"म्हंजे हिला आयतं ताट?"

"व्हय."

मला वाटलं आईला झोप लागली. मग भिंतीकडंच बघत म्हणाली, "बरं झालं बाई." एवढंच. पुन्हा म्हणाली नाही. ती हे मला म्हणाली, की क्रांतीला, की आणखी कुणाला, मला सांगता येत नाही. आईचं लग्न झालं तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. आमच्या आजीच्या हाताखाली आली आणि तिथनं उठली ती ह्या खाटेवर.

मी बाहेर आलो. दिवस मावळायला आला होता. गाडी रस्त्यातच उभी केलेली होती, आत घ्यायची राहिली होती. म्हणून जाऊन बसलो. उजव्या बाजूनं न जाता डाव्या बाजूचं दार उघडून बसलो, का ते माहीत नाही. गाडी घ्यायला उजवीकडं सरकावं लागणार होतं. सरकलो नाही.

मागनं उसाची ट्रॉली आली. गल्लीतल्या अर्जुनाचा ट्रॅक्टर. त्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग उतरून काचेशी आला. "आवं फौजी, गाडी जरा फुडं घ्या की, कारखान्याला नंबर हाय..."

वाक्य अर्धंच राहिलं. तो वाकून माझ्याकडं बघत होता आणि त्याचा चेहरा बदलत गेला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं काचेतनं आत दिला. मी म्हटलं, "कशाला रं?"

मग मी गालाला हात लावला, तर ओला होता. गळ्यापर्यंत ओला होता, शर्टाची कॉलरसुद्धा. कधीपासून, ते मला कळलेलं नव्हतं.

अर्जुना म्हणाला, "असूद्या फौजी. बसा निवांत. मी वळसा घालून जातो."

आणि एवढी भरलेली ट्रॉली त्यानं सगळी गल्ली मागं मागं नेली.